बेल वाजण्याआधी

बेल वाजली की चिडचिड होते, ही तक्रार हल्ली ज्यांच्याकडे पाहुणे जवळजवळ येतच नाहीत अशा घरांतून जास्त ऐकू येते. पाहुणा आता आधी फोन करून, तुमची सोय विचारून येतो. न विचारता येतात ती खोकी, पिशव्या आणि त्या घेऊन येणारी, दुसऱ्या ऑर्डरची घाई असलेली मुलं. सकाळी ब्लिंकिटवरून मागवलेली कोथिंबीर, अकराला कुरिअर, जेवायला बसलात की शेजारच्यांचं पार्सल, डोळा लागला की परत करायचा ड्रेस न्यायला आलेला माणूस. मग एखाद्या बेलला दार जोरात उघडलं जातं आणि आवाज नको तितका चढतो.

पूर्वी दारावर माणसं कमी येत नव्हती. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, कचरा न्यायला येणारी मावशी, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, पोस्टमन, महिनाअखेरीला केबलवाला. पण त्यातल्या बहुतेकांची वेळ घराला पाठ होती, आणि दूधवाल्यासाठी तर कडीला पिशवी अडकवलेली असे. तो बेलला हातही लावत नसे. आजच्या पार्सलची वेळ मात्र ‘आज रात्री नऊपर्यंत’ एवढीच कळते. म्हणजे दिवसभर एक कान दाराशी ठेवायचा. त्यात प्रत्येक बेल काहीतरी विचारते: कोड काय, पैसे कसे देणार, सही कोण करणार, बी विंग कुठली. काम अर्ध्यावर सोडून उठायचं ते या किरकोळ प्रश्नांसाठी. तेव्हा बेला कमी करायच्या तर हे प्रश्न आधीच, एकदाच निकालात काढावे लागतात. त्यातले बरेचसे दहा मिनिटांत निघतात.

सुरुवात कटू कामाने करा. घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी आपापल्या मोबाइलवरची मागच्या आठवड्याची ऑर्डरची यादी उघडायची आणि कोणत्या वेळी काय आलं ते एका कागदावर लिहायचं. भांडण होईल, होऊ द्या. दारावरची गर्दी कंपन्यांनी केली असं वाटत असतं आणि कागदावर दिसतं की मुलीने मागवलेलं चार्जर, सुनेने मागवलेले डायपर, सासऱ्यांचं औषध आणि विसरलेलं आलं हे सगळं एकाच दुपारी वेगवेगळ्या चार माणसांनी आणून दिलं. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या सेवांनी आपली यादी करण्याची सवय मोडली, हे त्यांचं खरं यश. फ्रीजवर एक वही किंवा पाटी लावा, किराणा-भाजीसाठी आठवड्याचे दोन दिवस ठरवा आणि ऑर्डर एकाच माणसाच्या फोनवरून जाऊ द्या. काही कंपन्या वेगवेगळ्या वस्तू एकाच दिवशी, एकत्र पाठवण्याचा पर्याय देतात. पैसे भरण्याच्या पानावर तो दिसतो, पण आपण घाईत पुढे जातो. कपडे तीन मापांत मागवून दोन परत करायचे हा प्रकार तर सरळ तीन बेलांचा आहे: आणताना एक, नेताना एक, आणि ‘टॅग नाही, घेता येणार नाही’ म्हणून पुन्हा एक. परतीची वस्तू टॅगसह, मूळ पिशवीत घालून दाराजवळ ठेवलेली असेल तर ते काम निदान एका मिनिटात संपतं.

पत्त्याकडे आता वळू, कारण बेलच्या आधी वाजणारा फोन बहुतेक वेळा पत्त्यामुळे असतो. ‘मॅडम, लोकेशनवर उभा आहे’, असं डिलिव्हरीवाला म्हणतो आणि उभा असतो मागच्या गल्लीत. पत्त्याच्या बाबतीत मराठी माणसाला खरं तर अभिमान वाटायला हवा. १५ ऑगस्ट १९७२ला देशात सुरू झालेली सहा आकडी पिनकोडची पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. ते संस्कृतातले कवी आणि नाटककारही होते. सारखी गावांची नावं, अनेक भाषा आणि अवाचनीय अक्षरं यातून पत्र वाट काढू शकावं यासाठी ती योजना होती. पण पिनकोड पत्र योग्य टपाल कार्यालयात पोचवतो. तिथून पुढे तुमच्या दारापर्यंतची वाट पोस्टमनला तोंडपाठ असे. डिलिव्हरी करणारा मुलगा आज तुमच्या भागात आहे, उद्या दुसऱ्या. त्याला नकाशावरची खूण सांगेल तेच खरं, आणि एका उपनगरात तीन ‘साई दर्शन’ सोसायट्या असल्या की त्याचा इलाज चालत नाही.

म्हणून प्रत्येक अॅपमध्ये नकाशावरची खूण इमारतीच्या मधोमध न ठेवता ज्या फाटकातून गाड्या आत येतात त्या फाटकावर ठेवा. पत्त्यात पहिल्या ओळीत फ्लॅट नंबर, विंग आणि मजला. दुसऱ्या ओळीत फाटकाची एकच ठळक खूण. ‘मारुतीच्या देवळासमोर, निळं गेट’ एवढं पुरे. ‘जुन्या पोस्टाच्या मागे, जोशींच्या वाड्याच्या जागी झालेली बिल्डिंग’ हे तुम्हाला कितीही स्पष्ट वाटलं तरी नांदेडहून किंवा बिहारमधून आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. तो वाडा त्याने पाहिलेला नाही. जुने, चुकीचे पत्ते पुसून टाका. माहेरचा पत्ता पहिला राहिल्यामुळे भलतीकडे गेलेली बिर्याणी बऱ्याच घरांना आठवत असेल.

पत्त्याखालीच सूचनांची जागा असते. जेवण आणि किराणा आणणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये ‘दाराशी ठेवा’, ‘बेल वाजवू नका’, ‘फोन करू नका’ असे तयार पर्याय आहेत. ते एकदा निवडून ठेवले की पुढच्या ऑर्डरलाही बरेचदा तसेच राहतात. त्यांचा उपयोग न करता बेलबद्दल चिडणं हे थोडं अन्यायाचं आहे. बेल वाजवून तुमच्या हातात पिशवी देणं हे त्या मुलाच्या लेखी चोख काम असतं.

आता पैसे आणि कोड. ‘घरी आल्यावर पैसे’ हा पर्याय निवडला की दार उघडणं, सुटे शोधणं, नेटवर्क नसताना क्यूआर कोडपुढे फोन धरून उभं राहणं हे सगळं ओघाने येतं. विश्वासाच्या दुकानातून मागवत असाल तर पैसे आधी भरून टाका. निम्मा संवाद तिथेच संपतो. अनोळखी संकेतस्थळावरून पहिल्यांदा काही घेताना मात्र हा सल्ला पाळू नका. तिथे दाराशी पाच मिनिटं गेलेली परवडली.

कोडच्या बाबतीत चिडचिडीचा एक वेगळा धोका आहे. कंटाळलेला माणूस लवकर सुटका व्हावी म्हणून संदेश न वाचताच आकडे सांगून टाकतो. भामट्यांना हे नीट माहीत आहे. कोणीतरी तुम्ही न मागवलेलं पार्सल घेऊन येतं, पैसे मागतं. तुम्ही नाही म्हणता. मग तो नम्रपणे सांगतो की ठीक आहे, रद्द करण्यासाठी तुमच्या फोनवर कोड येईल तेवढा द्या. तो कोड बँकेचा असू शकतो. नियम एकच ठेवा: न मागवलेल्या वस्तूसाठी कोणताही कोड द्यायचा नाही, आलेली लिंक उघडायची नाही, दार बंद करायचं. मागवलेल्या वस्तूचा कोड देतानाही संदेशाची पूर्ण ओळ वाचा. त्यात वस्तूचं किंवा कंपनीचं नाव असतं, आणि रक्कम वजा होण्याचा उल्लेख दिसला तर थांबा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तिथे जितक्या लवकर तक्रार पोचेल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

दारावरची पाटी हा आपला जुना उपाय. पुण्यातल्या ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ची चेष्टा सगळा महाराष्ट्र करतो. चितळे बंधूंचं दुकानही दुपारी बंद असायचं आणि २०१७मध्ये ते दुपारी उघडं राहू लागलं तेव्हा त्याची बातमी झाली. पण या पाट्यांत एक दोष आहे: त्या काय करू नये ते सांगतात आणि तिथेच थांबतात. पार्सल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला बेल वाजवायची नाही हे कळलं तरी मग करायचं काय? तो फोन करतो. म्हणून पाटीवर करायचं कामच लिहा. ‘पार्सल या टोपलीत ठेवा. फोटो काढा. बेल नको. बाळ झोपलं आहे.’ अक्षरं मोठी, वाक्यं चार, मराठीखाली तेच हिंदीत, आणि बाजूला बेलवर काट मारलेलं चित्र. पाटीतला टोमणा वाचायला शेजाऱ्यांना मजा येते. ज्याच्यासाठी ती आहे त्याला मजकूर दोन सेकंदांत कळायला हवा.

टोपली, झाकणाचा डबा किंवा सेफ्टी डोअरला आतून अडकवलेली मजबूत पिशवी, यांपैकी काहीही चालेल. फक्त ती जिन्यात किंवा सामायिक वाटेत येऊ देऊ नका. आग लागली तर त्याच वाटेने सगळ्यांना पळायचं असतं, आणि चपलांच्या कपाटांवरून आधीच पुरेशी भांडणं झालेली असतात. कुत्र्या-मांजरांचा वावर असेल तर अन्नाची पिशवी जमिनीवर न ठेवता हुकला अडकवायला सांगा.

बेलचंही थोडं बघा. बऱ्याच घरांत बिल्डरने बसवलेली, बहिऱ्यालाही दचकवणारी बेल वर्षानुवर्षं तशीच असते, नाहीतर ‘कृपया दरवाजा खोलिये’ म्हणून घोकणारी. आवाज कमी-जास्त करता येणारी बिनतारी बेल महाग नाही, आणि तिचा आवाज करणारा डबा तुम्ही ज्या खोलीत असाल तिथे नेता येतो. त्याहून साधं म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून बेलच्या वायरवर आतल्या बाजूला एक बटण बसवून घ्यायचं. रात्रपाळी करून झोपलेला माणूस, बाळंतीण, तापाने पडलेलं पोर घरात असेल तेव्हा ते बटण बंद, दारावर पाटी, सोसायटीच्या गेटवर निरोप. एवढ्यावर दुपार शांत जाते.

एका प्रकारच्या घराला हे सगळं लागू पडत नाही, त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. आईवडील कोथरूडला किंवा डोंबिवलीला, मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला. मुलगा प्रेमाने तिथून सामान मागवतो: गुडघ्याचा पट्टा, सुकामेवा, नवा मिक्सर. ऑर्डरवर फोन नंबर त्याचा, कोड त्याच्याकडे, आणि दारात उभ्या असलेल्या वडिलांना काही माहीतच नाही. ते म्हणतात, आम्ही काही मागवलं नाही. डिलिव्हरीवाला मुलाला फोन लावतो, तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. पार्सल परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. वडील चिडतात, मुलगा दुखावतो, आणि प्रेमाच्या सुकामेव्यावरून आठवडाभर अबोला.

परगावाहून आईवडिलांसाठी मागवणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी कराव्यात. घेणाऱ्याचा नंबर म्हणून त्यांचाच नंबर द्यावा. वस्तू निघाली की व्हॉट्सअॅपवर एक साधा निरोप टाकावा: ‘बाबा, उद्या दुपारपर्यंत मिक्सर येईल. पैसे भरले आहेत, कुणालाही काही द्यायचं नाही. कोड विचारला तर तुमच्या फोनवर आला असेल तो सांगा.’ आणि त्यांना आधी विचारावं. हे तिसरं सगळ्यात अवघड. घरात दोनच माणसं असताना पाच किलोचा बासमती आला की तो उचलून आत नेण्यापासून त्यांची कसरत सुरू होते.

ज्येष्ठांनी स्वतः एक सवय मोडावी: बेल वाजताच धावत सुटण्याची. जिना किंवा न्हाणीघराचा उंबरा घाईत ओलांडताना पडणं ही वयात फार महागात पडणारी गोष्ट आहे. बसल्या जागेवरून ‘आले हो, थांबा’ म्हणा, चष्मा लावा, काठी घ्या, मग उठा. तो थांबेल. नाही थांबला तर पार्सल उद्या येईल. दाराशी एक खुर्ची ठेवा आणि सेफ्टी डोअरची जाळी उघडून बोला, पूर्ण दार नाही. मोबाइलवर बाहेरचा माणूस दाखवणारी कॅमेऱ्याची बेल परवडत असेल तर गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती चैन म्हणता येणार नाही.

शेजाऱ्यांच्या पार्सलांचा प्रश्न नाजूक आहे, कारण तिथे चिडणाराच अनेकदा मूळचा भला माणूस असतो. मजल्यावर जो दिवसभर घरी असतो, तो निवृत्त असो की घरून काम करणारा, हळूहळू सगळ्या मजल्याचं कुरिअर ऑफिस होतो. ‘काकू, माझं एक येणार आहे, घ्याल ना?’ याला पहिल्यांदा नाही म्हणणं कोणाला जमत नाही. नाही म्हणायची गरजही नाही, अटी सांगा. ‘घेईन, पण दोन ते चार मी झोपते, तेव्हा नको. कोड लागणारं किंवा पैसे द्यायचं असेल तर तू घरी असशील तेव्हाच मागव.’ हे हसून, एकदाच, आणि शक्यतो पार्सल हातात असताना नव्हे तर जिन्यात भेट झाली तेव्हा सांगावं. घरून काम करणाऱ्याने ‘अकरा ते एक माझ्या मीटिंगा असतात’ असं मजल्याच्या गटात लिहिलं तर त्यात उद्धटपणा काही नाही. घरी आहे म्हणजे मोकळा आहे, हा समज त्याशिवाय जाणार नाही.

पुढची पायरी सोसायटीची. मायगेटसारखं अॅप असेल तर त्यात ‘गेटवर ठेवा’ हा पर्याय असतो. अॅप नसलं तरी गेटवर विंगप्रमाणे कप्पे केलेलं एक लोखंडी कपाट आणि एक वही पुरते. पण हे सुरक्षारक्षकाच्या माथी परस्पर मारू नका. त्याला गाड्या बघायच्या, माणसं नोंदवायची, त्यात दिवसाला शेकडो खोकी सांभाळायची असतील तर ते काम सोसायटीच्या सभेत ठरवून, त्याच्या पगारात दिसलं पाहिजे. कपाटात काय ठेवायचं नाही तेही तिथेच ठरवा: इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधं, दागिने, खाद्यपदार्थ. हरवलं तर जबाबदारी कोणाची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं बरं. आणि सभा बसलीच आहे तर डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट नाकारणारी पाटीही काढून टाका. पाणी आणि पिठाच्या पिशव्या घेऊन नऊ मजले चढलेला मुलगा बेल हळुवार वाजवेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याचा मोबदला ऑर्डरींवर ठरतो आणि तुमच्या दाराशी गेलेली मिनिटं त्याच्या खिशातून जातात. त्याने पुन्हा पुन्हा बेल दाबण्यामागे उर्मटपणापेक्षा हे गणित जास्त असतं. सूचना देऊनही कोणी पाळत नसेल तर अॅपवर त्या ऑर्डरखाली शांतपणे नोंदवा; दारात वाद घालून उद्याचा दुसरा मुलगा सुधारणार नाही.

न बोलावता येणाऱ्यांचा निकाल लावणं सोपं. ‘पाण्याचा फिल्टर चेक करायचाय’, ‘गॅसची नळी बदलायला कंपनीकडून आलोय’ म्हणणाऱ्याला जाळीआडूनच थांबवा आणि तुमच्या बिलावर किंवा गॅसच्या पुस्तकावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. तो देईल त्या नंबरवर नव्हे. उत्सवाची वर्गणी मागणाऱ्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पावती मागितली की बनावट मंडळं सहसा पुढच्या मजल्यावर जातात. कर्जवसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायला मनाई केली आहे, धाकदपटशाला तर कोणत्याही वेळी. जनगणनेच्या प्रगणकाचं मात्र ओळखपत्र पाहून स्वागत करा. तुम्ही दिलेली माहिती १९४८च्या जनगणना कायद्याने गुप्त राहते.

एवढं करूनही प्रत्येक बेलला छाती धडधडत असेल, रडू येत असेल, आवाज संपल्यावरही बराच वेळ राग उतरत नसेल, तर प्रश्न पार्सलांचा राहिलेला नाही. अपुरी झोप, बाळंतपणानंतरचे महिने, अर्धशिशी, आजारी माणसाची दीर्घ सेवा, घरात साठलेली भीती यांत साधा आवाजही असह्य होतो. फॅमिली डॉक्टरांना हे सांगण्यात संकोच नको. सरकारच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही बोलता येतं.

काही बेला मात्र टाळायच्या नाहीत. पासपोर्ट, कोर्टाची किंवा बँकेची कागदपत्रं गेटवर सोडायला सांगू नका. २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यामुळे महत्त्वाची पत्रंही आता स्पीड पोस्टनेच येतात, तेव्हा पोस्टमनच्या बेलला उठा. महागडा फोन घेतला असेल तर उघडून दाखवण्याची सोय असलेली डिलिव्हरी निवडा आणि आणणाऱ्यासमोर खोकं उघडा. आणि सिलिंडर आला की निवांत उभे राहा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर रंगवलेलं असतं, दोन्हींची बेरीज सिलिंडरवाल्याच्याच काट्यावर ताडून घ्या. सील पाहा, गळती तपासायला सांगा, कडीजवळच्या पट्टीवरचं अक्षर आणि वर्ष वाचा: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत; ती तारीख उलटलेली टाकी घेऊ नका. पावतीवर आहे तेवढीच रक्कम द्या, आणि फोनवर आलेला कोड हे सगळं झाल्यावर, शेवटी सांगा.